जंगलालगतच्या रानात हिरवळीचं पीक पेरताय? या चुका टाळा

राधानगरीच्या वरच्या अंगाला आमचं दहा गुंठ्यांचं एक तुकडं आहे. वर जंगल, खाली ओढा, मधून पाणंद. भात निघालं की ते रान पुढच्या पावसापर्यंत उघडंबोडकं पडून राहायचं. तीन वर्षांमागं माझ्या डोक्यात किडा वळवळला की इथं चवळी आणि मका मिसळून विस्कटायचा. हिरवं पीकच मातीत गाडलं की जमिनीला हिरवळीचं खत होईल, पाखरांना दाणा मिळेल, आणि एखादा गवा आलाच तर खाईल चार घास, त्यालाही पोट आहे. ओढ्यावर इंजिन लावून दोन पाणी दिली. दीड महिन्यात रान असं दाटलं की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

मग एका सकाळी गेलो तर चवळी जमिनीबरोबर खुडलेली, मका मधोमध आडवा, आणि ओल्या मातीत पंजाएवढे खूर उमटलेले. ठसे आमच्याच रानात संपले असते तर मी गप्प बसलो असतो. ते पाणंद ओलांडून थेट शेजारच्या आण्णांच्या नव्या लावणीत गेले होते. आण्णा बांधावर कमरेवर हात ठेवून उभे. म्हणाले, "जेवणावळ तू घातलीस लेका, आन् पंगत बसली माझ्या उसात."

त्यावर बोलायला तोंड नव्हतं. तेव्हापासून जंगलाकडेला काहीही पेरायचं म्हटलं की मी आधी एवढंच ठरवतो: हे पीक कुणासाठी? जमिनीसाठी, माश्या-पाखरांसाठी, की गव्यासाठी? पहिल्या दोघांचं एका रानात जमतं. तिसऱ्याचं पोट भरणं दहा गुंठ्यांच्या आवाक्यातलं नाही. पूर्ण वाढलेला नर आठशे ते हजार किलोपर्यंत भरतो आणि गवा कधी एकटा येतो, कधी कळपानं. कळपात माद्या-पाडसंही असतात. दाजीपूरला १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९८५ साली ते वाढवून राधानगरी अभयारण्य केलं, आज ते ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. त्यांचा चारा तिथं असायला हवा. कुरण करायचं ते वनखात्यानं, जंगलाच्या आत. आपण बांधावर ताट मांडलं की जनावराला वाट कळते, आणि एकदा कळलेली वाट ते विसरत नाही.

व्हिडिओ बघून पेरणी

माझ्या त्या चवळी-मक्याच्या कल्पनेचं मूळ सांगायला हरकत नाही. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितले होते. तिकडं 'फूड प्लॉट' म्हणून प्रकार आहे. हरणं यावीत म्हणून, आणि बऱ्याचदा ती शिकारीला सापडावीत म्हणून, जंगलाकडेला क्लोव्हर, ओट, राय, मुळा असं मिसळून पेरतात. आपल्याकडं १९७२ पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार गुन्हा आहे, गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे तिकडचा मूळ हेतूच इथं लागू होत नाही.

शेतीचं गणितही लागू होत नाही, हे मला उशिरा कळलं. तिथं उन्हाळा सरताना मुळा पेरतात. त्याची जाड मुळं खोल जातात, हिवाळ्यात हिमानं झाड आपोआप मरतं, मूळ जागेवर कुजतं आणि जमिनीत भोकं राहतात. नांगर न लावता जमीन भुसभुशीत. इथं डिसेंबरात शेकोटीजवळून उठू नये अशी थंडी पडली तरी मुळा मरत नाही. तो मजेत डिंगऱ्या धरतो. आमच्या एका पाहुण्यानं असा पाव एकर मुळा पेरला होता, शेवटी उपटायला बायका लावाव्या लागल्या. आपल्याकडं कुठलंही हिरवळीचं पीक आपणच मोडायचं असतं, हवामान ते काम करत नाही. म्हणून परदेशी मिश्रणाच्या नादाला न लागता ताग, धैंचा, चवळी, हुलगा, बांधावर गिरिपुष्प ही आपली ओळखीची मंडळी बरी.

रान न ओळखता बी आणणं

कोल्हापूर जिल्हा म्हणजे एक हवामान नव्हे. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, शिरोळात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा. तरी सगळीकडं एकच सल्ला ऐकू येतो: ताग पेरा. ताग झकास पीक आहे, पण त्याला पाय ओले चालत नाहीत. भाताच्या खाचरात दोन दिवस पाणी तुंबलं की पानं पिवळी पडतात, चौथ्या दिवशी शेंडा मान टाकतो. पश्चिमेकडच्या खाचरात धैंचाच पेरावा. तो गुडघाभर पाण्यातही तग धरतो. शिरोळ, हातकणंगल्याकडच्या क्षारपड रानातही धैंचाच चालतो, कारण खार सोसायची ताकद त्याच्यात आहे. तागाला निचऱ्याची तांबडी, मुरमाड किंवा मध्यम काळी जमीन द्या. डोंगरउताराच्या हलक्या रानाला हुलगा; तो कमी मातीत, कमी पाण्यात जमीन झाकतो आणि धूप थांबवतो.

आता जनावरांचं. "ताग गवा खात नाही" असं छातीठोक सांगणारे गावोगाव भेटतात. विश्वास ठेवू नका. कोवळा ताग शेळ्या खातात, हरणं खातात; गवाही खाईल. पक्व बियात मात्र जनावरांना अपायकारक द्रव्यं असतात, म्हणून बी धरलेला ताग वैरण म्हणून कापून गोठ्यात टाकू नये. तसंच चाऱ्याची ज्वारी. कोवळेपणी, त्यातही पाण्याचा ताण बसलेली असेल, तर खाऊन गुरांना किराळ, म्हणजे विषबाधा, लागते हे आपल्या आज्यांना माहीत होतं. ती ज्वारी 'वन्यप्राण्यांसाठी' म्हणून उघड्यावर पेरणं हे पुण्य नाही.

एक गोष्ट जागेची. ताग चांगल्या पावसात पन्नास दिवसांत डोक्याबरोबर येतो. एवढं उंच, दाट पीक जंगलाच्या अगदी कडेला लावलं की रानडुकरांना लपायला घर मिळतं. दिवसभर तागात झोपायचं, रात्री भुईमूग उकरायचा. मी आता जंगलाकडची तीन-चार मीटरची पट्टी गवत कापून मोकळी ठेवतो, मग हुलगा, आणि ताग सगळ्यात अलीकडं, घराच्या बाजूला. डुक्कर उघड्यावरून यायला बिचकतं, आणि आलंच तर दिसतं तरी. चवळी लावायचीच असेल तर परड्यात लावा.

उलटी मोजणी

हिरवळीचं पीक पेरायचं कधी, हे पुढच्या पिकाच्या तारखेवरून मागं मोजायचं असतं. भाताची रोपलावण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात करायची असेल तर धैंच्याला पंचेचाळीस दिवस हवेत, म्हणजे तो मेच्या शेवटी वळवाच्या ओलीवर पडायला हवा. मृग दणक्यानं लागल्यावर पेरायला गेलात तर पश्चिम भागात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, मिळतच नाही. बी चिखलात कुजतं आणि तण आधी वर येतं. धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, भात पेरणाऱ्यांनी तर हा नाद करूच नये, त्यांच्याकडं मधे रिकामा काळच नसतो. त्यांनी बांधावरचा गिरिपुष्पाचा पाला कापून टाकावा.

उसाचं सोपं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून आलेला दुसरा ऊस) गेला, रान नांगरून तापू दिलं, जूनच्या सुरुवातीला ताग, जुलैअखेर गाडला, ऑगस्टात आडसाली लावण. मात्र खोडव्याचं पाचट पेटवून मग ताग पेरणं म्हणजे एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्यानं काढून घ्यायचं. पाचट राहू द्या.

बी: पोत्यावरच्या लेबलावर भरवसा

गेल्या साली तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानातून तागाचं बी आणलं. पोतं नवं, बी जुनं. निम्मंसुद्धा उगवलं नाही, आणि मोकळ्या जागेत काँग्रेस गवतानं ठाण मांडलं. दुकानदार म्हणाला पाऊस कमी पडला. आता मी पेरणीआधी आठ दिवस घरीच बघतो: शंभर बिया मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, सावलीत ठेवायच्या, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी ऐंशीच्या खाली मोड आले असतील तर बी परत करा, नाहीतर त्या मानानं वाढवून टाका.

एकरी ताग वीस ते पंचवीस किलो, धैंचा पंधरा ते वीस. पाच किलो वाचवायला म्हणून विरळ पेरलं की झाडं जाड, फांद्याळ आणि लाकडी होतात आणि मधे तण माजतं. दाट पेरलं की काड्या बारीक राहतात, लवकर कुजतात. धैंच्याचं कवच टणक असतं, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवून पेरा. बी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका. फोकून पेरलं असेल तर लगेच हलका कुळव फिरवा, नाहीतर पारवे-होले तुमच्याआधी मोजणी करतील.

दहा किलो बियाला रायझोबियम या नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं २५० ग्रॅमचं एक पाकीट गुळाच्या पाण्यातून चोळायचं आणि सावलीत सुकवायचं. उन्हात सुकवलं की जिवाणू मेले. बुरशीनाशकात कालवलं तरी मेले. पेरताना थोडं सुपर फॉस्फेट दिलं तर गाठी चांगल्या धरतात. काम झालं का ते बघायला महिन्यानं एक झाड मुळासकट हळूच उपटा, उपटू नका खरं तर, खुरप्यानं उकरा, कारण उपटताना गाठी मातीतच राहतात. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी निघाली तर नत्र साठतंय. पांढरी किंवा हिरवट निघाली तर झाड फक्त जागा अडवून उभं आहे.

गाडायला उशीर

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती हौसेनं होते. ताग फुलायला लागतो, पिवळा होतो, लोक फोटो काढतात, अजून चार दिवस म्हणता म्हणता शेंगा लागतात.

पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत, पहिली फुलं दिसली की गाडायचा. खात्री करायची असेल तर कमरेच्या उंचीवर काडी दोन्ही हातांनी वाकवा. 'कट' आवाज होऊन सरळ मोडली, आतून पाणी दिसलं, तर वेळ बरोबर. वाकली, पिळली आणि सालीचा दोर लोंबत राहिला, तर तुम्ही उशीर केलात. ताग हे मुळात दोराचंच पीक, कासरे आणि दावी त्याच्याच वाखाची वळायचे. तो वाख एकदा तयार झाला की जमिनीत लवकर कुजत नाही. उलट तो कुजवायला जिवाणूंना नत्र लागतं, आणि ते जमिनीतलंच उचलतात. म्हणून उशिरा गाडलेल्या तागावर लावलेला ऊस पहिले दोन महिने पिवळा राहतो आणि माणूस म्हणतो, हिरवळीच्या खतानं काही होत नाही.

माझ्या हातून हे झालेलं आहे. साठाव्या दिवशी रोटाव्हेटर घातला. पाच मिनिटांत शाफ्टला तागाचा असा पीळ बसला की ट्रॅक्टर बंद करून आम्ही दोघं विळ्यानं कापत दुपारपर्यंत बसलो. ड्रायव्हरनं भाडं घेतलं ते घेतलंच, वर "पुढच्या बारीला वेळेत बोलवा दादा" हेही ऐकवलं. उंच ताग असेल तर आधी जड फळी ओढून तो एका दिशेनं लोळवायचा, मग त्याच दिशेनं नांगर घालायचा. उलट दिशेनं गेलात तर निम्मा ताग मातीवर उघडा राहतो.

गाडल्यावर ओल पाहिजे. पावसानं दडी मारली तर पाणी द्या, कोरड्या मातीत पाला नुसता वाळतो. खाचरात पाणी धरून चिखलणी केली तर धैंचा आठ-दहा दिवसांत मऊ पडतो. उसाच्या रानात तीन आठवडे तरी थांबा. मूठभर माती उकरून वास घ्या: आंबूस, गरम वाफ येत असेल तर कांडी अजून घालू नका. आणि कुजायला मदत म्हणून कच्चं शेण टाकू नका. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला ते आमंत्रण आहे, आणि हुमणीचा ताप आपल्या जिल्ह्याला नव्यानं सांगायला नको.

पाखरांसाठी पेरलं, पाखरांवरच नांगर

फुलात गाडायचं तर माश्यांना काय आणि पाखरांना काय? मी तोडगा असा काढलाय: घराकडची एक गुंठ्याची पट्टी तशीच उभी ठेवतो, बाकी सगळं वेळेवर गाडतो. तागाचं फूल बारक्या माशीला सहज उघडत नाही. त्याला वजनदार पाहुणा लागतो, काळा, निळसर पंखांचा भुंगा, जो लाकूड पोखरून घर करतो. तो खालच्या पाकळीवर बसला की पाकळी दबते आणि परागाचा पिवळा ठिपका त्याच्या पोटाला लागतो. सकाळी नऊच्या सुमारास पट्टीजवळ उभं राहिलं तर नुसता गुंजारव ऐकू येतो.

गाडण्याच्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेवा. लावे आणि तित्तर जमिनीवर अंडी घालतात, आणि दाट तागासारखी आयती जागा त्यांना कुठं मिळणार? आदल्या संध्याकाळी दोघा-तिघांनी काठीनं ताग हलवत एकदा चालून या. मादी भुर्रकन उडाली त्या जागेला खूण करा आणि तेवढा तुकडा सोडा. चार हात तागानं कुणाचं नुकसान होत नाही. आणि ट्रॅक्टर कडेनं गोल-गोल आत नेऊ नका. तसं केलं की ससे, पिल्लं मधे मधे सरकतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. मधून सुरुवात करून बाहेर या, म्हणजे त्यांना पळायला वाट राहते.

काही गोष्टी मुळीच करू नयेत

पाखरं बी खातात म्हणून बियाला जहाल औषध चोळून ते रानावर उघडं टाकणं. मोर मरतात. तो राष्ट्रीय पक्षी आहे, गुन्हा तर होतोच, आणि गावाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडणं. यात गवा मरतो, कुत्रं मरतं, आणि पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारचा पोरगाही मरतो. सौर झटका यंत्र वेगळं, त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं. नुकसान झालंच तर फोटो काढून लगोलग वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा. रान साफ करून मग अर्ज करायला गेलात तर पंचनामा कशाचा करायचा?

उत्साहानं जंगलात जाऊन बी फेकणं. अभयारण्यात परवानगीशिवाय असलं काही करायचं नाही, आणि सुबाभूळ तर जंगलाच्या जवळपासही लावू नका. रानमोडीच्या तणानं आधीच किती जागा खाल्ली आहे ते दाजीपूरच्या वाटेवर दिसतंच.

मिठाचे खडे, उरलेली भाजी बांधावर ठेवणं. त्याच जागी दिवसा आपली गुरं चरतात, रात्री गवे येतात, आणि लाळ्या-खुरकूत इकडून तिकडं जातो. गुरांना लस टोचलेली असू द्या.

उभ्या पिकात काही बिघडलं तर

पंधरा दिवसांत पिवळं पडलं तर आधी पाणी तुंबलंय का बघा, चर काढा. औषधाच्या दुकानात नंतर जा. ठिकठिकाणी टकलं राहिली असतील तर वीस दिवसांच्या आत तिथं पुन्हा बी टोका, त्यानंतर टोकलेलं मोठ्या झाडांच्या सावलीत खुरटतं. वाऱ्या-पावसानं ताग लोळला तर घाबरू नका, शेंडे दोन दिवसांत वर वळतात. पण दिवस चाळीसच्या पुढं असतील तर तसाच गाडून टाका, फळी ओढायचे कष्ट वाचले. पांढऱ्या पंखांवर काळे-तांबडे ठिपके असलेला पतंग दिसेल, त्याच्या केसाळ अळ्या पानं आणि शेंगा खातात. गाडायच्या तागावर फवारणीचा खर्च करू नका. पानं काय आणि अळी काय, दोन्ही मातीतच जायचं आहे.

उभ्या ठेवलेल्या पट्टीवर लक्ष हवं ते बियासाठी. शेंगा वाळल्या, झाड हलवल्यावर आतून खुळखुळ वाजायला लागलं की सकाळच्या दवात कापा, भर उन्हात कापलं तर शेंगा तडकतात. खळ्यावर काठीनं बडवून, पाखडून, दोन दिवस ऊन देऊन डब्यात भरा आणि वर मूठभर राख टाका. आमच्या डब्यातलं बी यंदा आण्णांनीच मागितलं. सहा किलो दिलं, आणि पाणंदीच्या कुठल्या अंगाला पेरणार ते आधी विचारून घेतलं.